पिवळं कुंडीत टाकू नका

पत्र:

नमस्कार ताई. आम्ही विजापूर रोडला राहतो. घरात सासूबाई (७६), हे (५४), मी (४९) आणि मुलगा (२२). मुलगा जिमला जायला लागल्यापासून रोज सकाळी सहा अंडी उकडतो, पांढरं खातो आणि पिवळं माझ्या गुलाबाच्या कुंडीत टाकतो. त्याचं बघून ह्यांनीही नाश्त्याला अंडी सुरू केली, पण ह्यांना उकडलेलं उतरत नाही. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि बटरमध्ये भाजलेले दोन पाव लागतात. ह्यांना तीन वर्षांपासून शुगर आहे, सकाळी गोळी असते. परवाच्या रिपोर्टात एलडीएल १४८ आलंय, म्हणजे कोलेस्टेरॉल थोडं वाढलंय. नणंद म्हणते अंड्याने हार्टच्या नसा तुंबतात. मुलगा म्हणतो ते सगळं जुनं झालं. सासूबाई माळकरी आहेत. त्यांचं म्हणणं, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात अंडं उष्ण पडतं. शिवाय त्यांचा चहा होतो त्या गॅसवर ते शिजलेलं त्यांना नको. आधी आमच्याकडे उप्पीट, पोहे, सुशीला असंच असायचं. तेच बरं होतं का? नाश्त्याला अंडं चांगलं की वाईट, एकदा सरळ सांगा.
– एक सून, सोलापूर

उत्तर:

ताई, सरळ विचारलंत, तर सरळच सांगते. नाश्त्याला अंडं चांगलं. तुमच्या घरात जे बिघडलंय ते अंड्याच्या आजूबाजूला बिघडलंय. मुलगा त्यातला निम्मा ऐवज गुलाबाला घालतोय आणि तुमचे हे त्याच्यासोबत बटर-पाव खातायत. नाव मात्र अंड्याचं खराब होतंय.

आधी तुमच्या जुन्या नाश्त्याबद्दल, कारण ‘तेच बरं होतं का’ हा प्रश्न मला पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. उप्पीट, पोहे, सुशीला यांत वाईट काही नाही. पण बशीभर पोहे म्हणजे मुख्यतः पिष्ट. शेंगदाणे सढळ हाताने घातले तरी प्रथिनं पाच-सहा ग्रॅमच्या पुढं क्वचितच जातात. सुशीलाचे चुरमुरे तर त्याहून हलके. म्हणूनच साडेआठला पोटभर खाऊनही अकराला डब्यातली खारी आठवते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबाने निरोगी माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. आपल्याकडे सकाळ पोह्यांत जाते, दुपारी वरणाची एक वाटी, रात्री पुन्हा भाकरी-भाजी. बेरीज करून बघा, बहुतेक घरांत ती तोकडी पडते.

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तीही शरीराला सहज वापरता येतील अशी. चरबी पाच ग्रॅम, कॅलरी सत्तर-पंचाहत्तर, साखर-पिष्ट जवळपास शून्य. सात-आठ रुपयांत एवढं देणारा दुसरा पदार्थ शोधायला जावं लागेल. जे नाही तेही सांगते: अंड्यात तंतू म्हणजे फायबर अजिबात नाही आणि क जीवनसत्त्वही नाही. त्यामुळे नुसती अंडी खाऊन उठणं हा नाश्ता नव्हे. सोबत काहीतरी हवंच, आणि ते काय असावं यावर सगळं ठरतं.

आता तुमचे चिरंजीव. सहा पांढऱ्यांतून त्याला साधारण एकवीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. ठीक आहे. पण अंड्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पिवळ्यात असतात हे जिममध्ये कुणी सांगत नाही. ब१२, ड आणि अ जीवनसत्त्व, मेंदूला आणि यकृताला लागणारं कोलीन, डोळ्यांच्या पडद्यासाठी चांगलं समजलं जाणारं ल्युटीन, हे सगळं जवळजवळ पिवळ्यातच. शाकाहाराकडे झुकलेल्या आपल्या घरांतून ब१२ची कमतरता किती सापडते हे रक्ताचे रिपोर्ट बघणाऱ्या कुणालाही विचारा. आणि हा मुलगा ते रोज मातीत घालतोय. इलिनॉय विद्यापीठात २०१७ साली व्यायाम करणाऱ्या दहा तरुणांवर एक प्रयोग झाला. एकदा अख्खी अंडी, एकदा नुसतं पांढरं, दोन्ही वेळा प्रथिनं सारखीच, १८ ग्रॅम. स्नायू बांधण्याचं काम अख्ख्या अंड्यांनंतर जास्त झालं. माणसं दहाच, त्यामुळे ही काळ्या दगडावरची रेघ समजू नका, पण ‘बॉडी बनवायची तर पिवळं टाक’ या सल्ल्याला आधार काय, असं त्याला विचारायला हरकत नाही.

बावीस वर्षांच्या निरोगी मुलाला दोन अख्खी अंडी आणि वर दोन पांढरी एवढं पुरे. वीस ग्रॅम तिथेच होतात. उरलेली दोन पिवळी तुमच्या भाजीत घाला किंवा मुळात अंडीच कमी फोडा. बाकीची प्रथिनं त्याने दुपारच्या डाळीतून, दह्यातून, मटकीतून घ्यावीत. आणि तो कच्ची अंडी ग्लासात फोडून पीत असेल तर आजच थांबवा. कच्च्या अंड्यातली प्रथिनं निम्मीच पचतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्के, आणि साल्मोनेला नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांची जोखीम वेगळीच. कुंडीत टाकायचंच असेल तर टरफलं कुस्करून टाकावीत. पिवळ्याने गुलाबाला काही होत नाही, मुंग्या मात्र लागतात.

तुमच्या ह्यांच्याकडे वळते. इथे जरा थांबावं लागेल.

नणंदबाई म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि सशांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. शोध मोठाच होता. पण ससा गवत खाणारा प्राणी, त्याच्या नशिबी अंडं कुठलं? त्याच्या शरीराला बाहेरून येणाऱ्या कोलेस्टेरॉलचं काय करायचं हे ठाऊकच नसतं. पुढं १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनच पिवळी, असं सांगितलं. एका अंड्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं, सगळं पिवळ्यात. अंड्याची भीती घरोघर गेली ती तिथून. नंतर लक्षात येत गेलं की रक्तातलं बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं, बाहेरून जास्त आलं तर बहुतेक माणसांत ते आपलं उत्पादन कमी करतं, आणि एलडीएलला खरा जोर मिळतो तो संपृक्त चरबीतून: लोणी, तूप, बटर, पामतेल, वनस्पती तूप. अमेरिकेच्या २०१५च्या आहार मार्गदर्शनातून ३०० मिलिग्रॅमची ती मर्यादा निघाली. तुमचा मुलगा ‘जुनं झालं’ म्हणतो ते यामुळे.

पण त्याचंही शंभर टक्के खरं नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या जवळपास तीस हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, तर जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा जास्त दिसला. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या मंडळींनी आणखी मोठ्या नोंदी बघितल्या, तर दिवसाला एका अंड्यापर्यंत काही धोका दिसेना. आशियातल्या लोकांत उलट किंचित फायदा दिसला. चीनमध्ये २०१८ साली पाच लाखांच्या आसपास माणसांच्या अभ्यासात रोज अंडं खाणाऱ्यांना मेंदूतला रक्तस्राव कमी झालेला दिसला. वाचणाऱ्याचं डोकं फिरेल. मला त्यातून जे दिसतं ते असं: अमेरिकेत अंडं येतं ते डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर, सॉसेजबरोबर, बटर लावलेल्या ब्रेडबरोबर. चीनमध्ये ते भाताच्या पेजेबरोबर येतं, आणि तिथे रोज अंडं परवडणारी माणसं एकूणच जरा बऱ्या परिस्थितीतली असतात. कागदावर ‘अंडी’ एवढंच लिहिलं जातं, ताटातलं बाकीचं त्याच्या आड राहतं.

सिडनीतला एक प्रयोग तुमच्या घराला जास्त जवळचा आहे. टाइप २ मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांचे दोन गट केले. एकाला आठवड्याला बारा अंडी, दुसऱ्याला दोनपेक्षा कमी. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या कोलेस्टेरॉलमध्ये फरक नाही. मुलगा हे वाचून टाळी वाजवेल. त्याला पुढची ओळही वाचायला लावा: दोन्ही गटांना लोण्यासारखी संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी चांगली तेलं वापरायला सांगितलं होतं.

म्हणजे पुन्हा तव्यापाशीच आलो. दोन अंड्यांत दीडशे कॅलरी आणि तीन ग्रॅम संपृक्त चरबी. बटरच्या एका मोठ्या चमच्यात शंभर कॅलरी आणि सात ग्रॅम संपृक्त चरबी. ह्यांचे दोन पाव दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायला किती बटर लागतं ते एकदा चमच्याने मोजून तव्यावर टाका. आधी मोजायचं, मग टाकायचं. पाव बटर कसा पितो ते तेव्हा कळतं. ऑम्लेटला तीन छोटे चमचे तेल घातलं तर त्या तेलाच्याच एकशे पस्तीस कॅलरी, जवळजवळ दोन अंड्यांएवढ्या. वर पाव मैद्याचे, शुगरच्या माणसाला. तेव्हा नणंदबाईंचा आरोप चुकीच्या माणसावर आहे, पण गुन्हा घडतोय हे त्यांना बरोबर कळलंय!

आणि एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते. शुगर असलेल्या चोपन्न वर्षांच्या माणसाचं एलडीएल १४८ म्हणजे ‘थोडं वाढलंय’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवायचा रिपोर्ट नाही. अशा माणसांत डॉक्टर ते १००च्या खाली आणायला बघतात, बऱ्याचदा ७०च्या खाली. अंडं बंद करून हे होणार नाही आणि अंडं चालू ठेवूनही होणार नाही. डॉक्टरांकडे जा, कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली तर ती घेऊ द्या. ‘आधी पथ्य करून बघतो’ म्हणत वर्ष घालवणारे बरेच बघितलेत.

त्यांच्यासाठी माझा सल्ला असा. अमेरिकन हार्ट असोसिएशननेच २०१९ मध्ये निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालतं असं म्हटलं, पण कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी, जपून खावं असंही त्याच कागदात आहे. म्हणून सध्या आठवड्यातून चार दिवस, दिवसाला एक पिवळं. ऑम्लेट मोठं हवं असेल तर एक अख्खं आणि एक पांढरं. बटर बंद. बिडाचा तवा असेल तर तो चांगला तापू द्या, अर्धा चमचा तेल कांद्याच्या अर्ध्या फोडीने सगळीकडे फिरवा, मग आच कमी करून मिश्रण ओता आणि झाकण ठेवा. चिकटत नाही. त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मूठभर पालक, जे घरात असेल ते भरपूर घाला. अंड्यात नसलेले तंतू तिथून येतात. खाताना वर लिंबू पिळा, क जीवनसत्त्व मिळतं.

पावाच्या जागी भाकरी. सोलापुरात राहून पाव कशाला खायचा हे मला खरंच कळत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी आपल्या जिल्ह्यातली, आणि कडक भाकरीचा डबा अर्ध्या घरांत भरलेला असतो. सकाळच्या घाईत भाकरी थापायलाही नको. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे पाच ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू. त्यावर शेंगाची चटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. दोन चमच्यांत आणखी पाचेक ग्रॅम. म्हणजे एक अंडं, एक भाकरी, दोन चमचे चटणी मिळून सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं, तीही बटर-पावाच्या निम्म्या खटपटीत. चटणीवर मात्र हात आवरा. शेंगदाणा चांगला असला तरी कॅलरीला जड आहे, आणि आपल्याकडच्या चटणीत मीठ कमी नसतं. ह्यांना बीपी असेल तर चटणी घरी कुटा, मीठ निम्मं घाला. जेवताना आधी अंडं आणि कोशिंबीर, मग भाकरी, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची शुगर कमी उसळते.

गोळीबद्दल एक सावधगिरी. त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड असेल तर पाव बंद करून नुसत्या ऑम्लेटवर राहू देऊ नका. भाकरी हवीच. पिष्ट एकदम कमी झालं आणि गोळी तीच राहिली तर शुगर खाली जाते, अकराच्या सुमारास घाम येतो, हात थरथरतात. पाकिटावर नाव बघून घ्या. आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनं किती खायची हे डॉक्टरांनाच विचारा, माझ्या सदरावर विसंबू नका.

नाश्ता बदलून तीन महिने झाले की लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, पुन्हा करा. काही माणसांचं एलडीएल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलला इतरांपेक्षा जास्त उसळी मारतं. तुमचे हे त्यातले आहेत का, ते रिपोर्टच सांगेल. तसं निघालं तर पिवळं आठवड्याला दोनवर आणू. ‘संडे हो या मंडे’ त्यांना पाठ असेलच. ती जाहिरात अंडी विकणाऱ्यांच्या समितीची होती एवढं लक्षात असू द्या.

तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही विचारलेली नाही. सुनांची पत्रं अशीच येतात. एकोणपन्नाशीत, पाळी जाण्याच्या आसपास, स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात. सगळ्यांचं करून झाल्यावर चहात टोस्ट बुडवून उभ्याउभ्या नाश्ता करत असाल तर घरात अंड्याची सगळ्यांत जास्त गरज तुम्हाला आहे. खात असाल तर रोज एक, अख्खं.

गावरान की पांढरं, हे पत्रात नव्हतं पण विचारलं जातंच. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, पिवळ्याचा तिच्या खाद्यावर. चव आवडत असेल तर गावरानला जास्त पैसे द्या, पोषणासाठी देऊ नका.

आता सासूबाई. त्यांच्या दोन मुद्द्यांपैकी उष्णतेचा मी तपासून सांगते, दुसऱ्यात मी पडणार नाही. प्रथिनं पचवताना शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं हे खरं. पण एका अंड्याचा तो हिशोब पाच-दहा कॅलरींचा. बेचाळीस अंशांत त्याने अंगाची लाही होणार नाही. तेलंगणात आपल्यापेक्षा कमी ऊन नाही, तिथे मे महिन्यातही अंडी खातात. कुणाला खरोखर त्रास होत असेल तर बहुधा ऑम्लेटमधलं तिखट आणि कमी प्यायलेलं पाणी हे कारण निघतं.

पण उन्हाळ्याबद्दल सासूबाईंची धास्ती वेगळ्या कारणाने बरोबर आहे. आपल्या एप्रिल-मेमध्ये अंडी बाहेर टिकत नाहीत. तीसचा ट्रे स्वस्त पडतो म्हणून आणू नका, आठवड्यापुरती आणा, सकाळी आणा, दुकानाबाहेर उन्हात रचलेली घेऊ नका. फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवा. दार दहादा उघडतं. आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, टरफलावरचा पातळ थर जातो आणि जंतूंना वाट मिळते. धुवायचं ते उकडायच्या आधी. शंका आली तर पाण्यात सोडा: आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, लगेच वापरा, तरंगलं तर फेका. मुलगा उकडलेली अंडी डब्यात घालून नेत असेल तर या उन्हात तासाभरात संपवायला सांगा. उकडताना पाण्याला उकळी आली की आच कमी करून दहा-बारा मिनिटं, मग लगेच थंड पाण्यात. पिवळ्याभोवती हिरवट कडा दिसली तर घाबरू नका, जास्त उकडल्याने लोह आणि गंधक एकत्र येतं, खायला अपाय नाही.

सासूबाईंना अंड्याची गरज नाही. शहात्तराव्या वर्षी प्रथिनं लागतात, पण ती माळ सांभाळून मिळतात: भाकरी, वाटीभर घट्ट दही, शेंगाची चटणी, त्यांना चावत नसेल तर मुगाचं धिरडं किंवा दुधात कुस्करलेली भाकरी. ब१२ तेवढं एकदा तपासून घ्या. या वयात पोटात ते शोषलं कमी जातं, लागलं तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील, त्याला माळेची आडकाठी नाही.

राहिला गॅसचा प्रश्न. त्यांची श्रद्धा त्यांची, आणि स्वयंपाकघर त्यांनी तुमच्याआधी सांभाळलेलं. सहाशे ग्रॅम प्रथिनं मिळणार असतील तरी त्यासाठी माळकरी बाईला दुखवू नये असं माझं मत. बाल्कनीत किंवा मागच्या ओट्यावर एक छोटी इंडक्शन शेगडी, एक तवा, एक भगुलं, एक उलथणं, एवढं वेगळं करा. खर्च मुलाकडून घ्या, सहा अंडी तोच खातो. एकादशीला आणि त्यांचं पारायण चालू असताना अंडं बंद ठेवा, ह्यांचे तर आठवड्याला चारच दिवस आहेत, ते जमतं. आणि ती वेगळी भांडी घासून कुठे पालथी घालायची, हे त्यांनाच विचारून ठरवा.